बेकर स्ट्रीटवरची कैफियत

अभिजात गुप्तहेरकथा, म्हणजे एका बैठकीत वाचून संपणारी आणि मांडलेल्या कोड्याचा उलगडा त्याच मजकुरातून करून दाखवणारी लघुकथा, वाचकांना इतकी वर्षे का धरून ठेवते, याचे उत्तर बहुधा तिच्या शेवटात शोधले जाते. परंतु या कथाप्रकाराचा इतिहास पाहिला, तर त्याची खरी ओढ कथेच्या प्रारंभी, अडचणीत सापडलेला माणूस गुप्तहेरासमोर बसून आपली कैफियत मांडतो त्या प्रसंगात आहे, असे दिसून येते.

एडगर अॅलन पो याची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ ही कथा 1841 मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘ग्रॅहॅम्स मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झाली आणि तर्काच्या बळावर गुन्ह्याचा छडा लावणारा नायक तिने साहित्याला दिला, मात्र त्या नायकाला, द्यूपँला, खुनाची वार्ता वर्तमानपत्रातून कळते. पुढे ‘द पर्लॉइन्ड लेटर’मध्ये त्याच्याकडे सल्ल्याला माणूस येतो, पण तो पोलीसप्रमुखच असतो. सामान्य माणसासाठी गुप्तहेराच्या दिवाणखान्यात खुर्ची मांडली ती आर्थर कॉनन डॉयल याने, आणि ती त्याने आपल्या मूळ व्यवसायातून आणली.

डॉयल हा डॉक्टर होता. एडिंबरो येथे शिकत असताना डॉ. जोसेफ बेल यांच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णांची प्राथमिक माहिती टिपून घेऊन त्यांना आत सोडण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि त्याला प्रश्न विचारून जेवढे कळे त्याहून अधिक बेल यांना रुग्णाकडे पाहताच कळे. डॉयलचा नायक शेरलॉक होम्स स्वतःला सल्लागार गुप्तहेर म्हणवतो, ते सल्लागार वैद्याच्याच धर्तीवर: बेकर स्ट्रीटवरच्या आपल्या दारात आलेल्याला तो बसवतो, निरखतो, सारे प्रथमपासून सांगायला लावतो आणि बारीकसारीक तपशीलही गाळू देत नाही. 1891 मध्ये लंडनला नेत्रचिकित्सक म्हणून बसलेल्या डॉयलकडे रुग्ण मात्र फिरकले नाहीत, आणि त्या रिकाम्या वेळात या कथा आकाराला आल्या.

त्यांना योग्य जागाही त्याच सुमारास निर्माण झाली होती. जॉर्ज न्यून्स याचे ‘स्ट्रँड’ हे सचित्र मासिक जानेवारी 1891 मध्ये सहा पेन्स किमतीला निघाले. क्रमशः कादंबरीचा एखादा अंक चुकला की वाचक तुटतो, हे ओळखून डॉयलने नायक तोच ठेवायचा, पण प्रत्येक अंकात कथा पुरी करायची, अशी योजना केली. त्या वर्षीच्या जुलै महिन्यापासून ती अमलात आली. जागेच्या या मर्यादेने कथेला शिस्त लावली, कारण मोजक्या पानांत निरुपयोगी तपशिलाला थारा नव्हता आणि अशिलाच्या बोलण्यातच उलगड्याचे धागेदोरे गुंफावे लागत होते.

ऑगस्ट 1891 मधील ‘द रेड-हेडेड लीग’ ही कथा याचा उत्तम नमुना आहे. तांबड्या केसांचा, गहाणवटीचा धंदा करणारा जेबेझ विल्सन होम्सला सांगतो, की तांबड्या केसांच्या लोकांसाठी असलेल्या एका संस्थेने त्याला आठवड्याला चार पौंडांवर नोकरी दिली; काम एवढेच, की रोज दहा ते दोन कचेरी न सोडता विश्वकोशाची पाने उतरवून काढायची. आठ आठवड्यांनी ती संस्था एकाएकी बरखास्त झाली, ही त्याची तक्रार. बोलता बोलता तो सांगून जातो, की त्याचा मदतनीस निम्म्या पगारावर खुशीने राबतो आणि छायाचित्रणाच्या नादापायी सारखा तळघरात उतरतो. कोड्याचे उत्तर येथेच सांगून झालेले असते. होम्स दुकानापुढच्या फरसबंदीवर काठी आपटून पाहतो, मदतनिसाच्या विजारीचे गुडघे बघतो आणि मागच्या बाजूला बँक आहे हे लक्षात घेतो. तळघरातून बँकेकडे भुयार खणले जात होते आणि विल्सनला रोज चार तास घराबाहेर ठेवण्यासाठी ही सारी बतावणी रचली होती. वाचकाने तेच शब्द होम्सचा मित्र वॉटसन याच्या शेजारी बसून ऐकलेले असतात, आणि ऐकूनही आपल्याला ते उमगले नाही, या जाणिवेतच त्याचा आनंद असतो. विल्सनला स्वतःलाही आपण काय सांगितले ते कळलेले नसते, ही डॉयलची सर्वांत मोठी करामत होय.

या कैफियतींना कायद्याच्या चौकटीत बसण्याची गरज नव्हती. लंडन पोलिसांची गुप्तहेर शाखा 1842 पासून अस्तित्वात होती, पण ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’मधील मेरी सदरलंड आपल्या हरवलेल्या वाग्दत्त वराचे गाऱ्हाणे तेथे नेऊन काय मिळवणार होती? तिचा सावत्र बापच, तिचे वार्षिक शंभर पौंडांचे उत्पन्न घरात राहावे म्हणून, वेषांतर करून तिचा प्रियकर झाला होता, आणि कायद्याला त्याचे काही करता येत नव्हते. मागच्या काही प्रकरणांत कायद्याच्या दृष्टीने गुन्हाच नव्हता, असा उल्लेख या मालिकेतच येतो. प्रचंड शहरात जिचे म्हणणे कोणी मनावर घेत नाही, अशा व्यक्तीचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले जाते, हे या कथांचे मर्म आहे. रक्तपात त्यात दुय्यम आहे.

पुढच्या लेखकांनी हा ऐकणारा माणूस वेगवेगळ्या जागी बसवला. जी. के. चेस्टरटनचा फादर ब्राऊन 1910 मध्ये अवतरला. तो कॅथलिक धर्मगुरू असल्यामुळे लोकांची पापे कबुलीच्या वेळी ऐकणे हे त्याचे नित्यकर्मच, आणि माणसाच्या मनातील काळोख त्याला त्यातूनच परिचित झालेला. अॅगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलचा प्रवेशही 1927 मध्ये एका लघुकथेतूनच झाला, आणि तीत ती इतरांनी सांगितलेले प्रकरण विणकाम करता करता ऐकते.

याच सुमारास कादंबरीचा जोर वाढला आणि प्रकार बदलला. कादंबरीत गुप्तहेर येतो तो मृतदेह सापडल्यावर; घरातील प्रत्येक जण संशयित असतो, त्यामुळे मदतीसाठी मांडलेल्या कैफियतीची जागा सावधपणे दिलेल्या जबानीने घेतली. कादंबरीने कोडी अधिक गुंतागुंतीची केली, पण पहिला विश्वास गमावला. लघुकथेला जागा देणारे ‘स्ट्रँड’ही मार्च 1950 मध्ये बंद पडले. अमेरिकेत मात्र 1941 मध्ये सुरू झालेल्या ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझीन’ने लघुकथेला हक्काची पाने दिली.