किडनीत सापडलं मायक्रोप्लास्टिक: खरं काय, फुगवलेलं काय?

"आपण दर आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक खातो" असं सांगणारं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. आठवड्याला ५ ग्रॅमपर्यंत, हा तो आकडा. २०१९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेसाठी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाने केलेल्या अंदाजातून तो आला. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तोच हिशेब नव्याने मांडला, तेव्हा हा आकडा हजारो पटींनी फुगलेला असल्याचं दिसलं. रील मात्र अजून फिरतंय!

पण आकडा चुकला म्हणून विषय खोटा ठरत नाही. प्लास्टिकचे कण माणसाच्या रक्तात सापडलेत, लघवीत सापडलेत आणि किडनीतही सापडलेत. ते तिथे पोहोचतात कसे आणि काय करतात, ते आज बघूया.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे नक्की काय?

५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचा कण म्हणजे मायक्रोप्लास्टिक. साबुदाण्याच्या दाण्याएवढा तुकडाही यात येतो आणि डोळ्याला न दिसणारी धूळही. ब्रिटिश संशोधक रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ च्या शोधनिबंधानंतर हा शब्द सगळीकडे रुळला. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे १ मायक्रॉन, आणि त्याहूनही लहान कण म्हणजे नॅनोप्लास्टिक.

किडनीच्या बाबतीत सगळा खेळ साइजचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार १५० मायक्रॉनपेक्षा मोठे कण शरीरात शोषले जाण्याची शक्यता कमी असते, ते शौचावाटे बाहेर पडतात. काळजी आहे ती बारीक कणांची. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २२ रक्तदात्यांचं रक्त तपासलं गेलं, त्यातल्या १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक मिळालं. आणि जे रक्तात आहे, ते किडनीत जाणारच. कारण हृदय जेवढं रक्त पंप करतं, त्याचा साधारण पाचवा हिस्सा दर मिनिटाला किडन्यांकडेच वळतो.

चाळणीतून कण जातो कसा?

प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे एक बारीक गाळणी आणि तिला जोडलेली नळी. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातलं बहुतेक पाणी परत रक्तात घेतात आणि उरते दीड-दोन लिटर लघवी.

या गाळणीची भोकं फक्त काही नॅनोमीटरची असतात. आपली लाल रक्तपेशी ७-८ मायक्रॉनची, म्हणजे भोकाच्या जवळपास हजारपट मोठी. म्हणूनच निरोगी माणसाच्या लघवीत रक्त येत नाही. मग ५ मायक्रॉनचा प्लास्टिकचा कण पलीकडे जाईलच कसा? नियमाने जायला नको. तरीही २०२४ मध्ये इटलीतल्या संशोधकांना किडनीच्या नमुन्यांत १ ते २९ मायक्रॉनचे आणि लघवीत ३ ते १३ मायक्रॉनचे कण दिसले. याची दोन-तीन स्पष्टीकरणं शक्य आहेत. गाळणी कुठेतरी खराब झालेली असेल, पेशींनी कण गिळून पलीकडे नेला असेल, किंवा कण शरीरातला नसेलच. लॅबमधली हवा, हातमोजे, डबीचं झाकण, प्लास्टिक कुठून येईल सांगता येत नाही.

म्हणून मोजणी कशी केली, हे बघणं महत्त्वाचं. इटलीच्या टीमने रमन तंत्र वापरलं (हो, तेच आपले सी. व्ही. रमन, १९२८ चा शोध). कणावर लेझर मारला की तो प्रकाश विशिष्ट पद्धतीने विखुरतो, आणि प्रत्येक प्लास्टिकचा पॅटर्न फिंगरप्रिंटसारखा वेगळा असतो. यात कण न् कण ओळखता येतो, पण अगदी बारीक कण सुटतात. दुसरी पद्धत म्हणजे नमुना प्रचंड तापवून निघणारे वायू तपासणं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठाने २०२५ मध्ये मृतांच्या किडनी, यकृत आणि मेंदूतलं प्लास्टिक असंच मोजलं. मेंदूत ते किडनीपेक्षा कितीतरी पट जास्त आल्याची बातमी जगभर गाजली. गोची अशी, की चरबी तापवली तरी पॉलिएथिलीनसारखेच रेणू निघतात. मेंदू तर चरबीनेच भरलेला. त्यामुळे प्लास्टिक असल्याचं मान्य करूनही, "किती आहे" या आकड्यावर अनेक शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतलाय.

किडनी खराब होते का?

उंदरांमध्ये पुरावा आहे. २०१७ मध्ये ५ आणि २० मायक्रॉनचे पॉलिस्टायरीन कण खायला दिलेल्या उंदरांच्या आतड्यात, यकृतात आणि किडनीत ते साचले. २०२१ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी माणसाच्या किडनीच्या पेशींवर असेच कण सोडले. पेशींचं पॉवरहाऊस असलेल्या मायटोकॉन्ड्रियावर ताण आला आणि सूज वाढवणारी प्रथिनं वाढली. पण प्रयोगशाळेतले कण गुळगुळीत, गोल, एकाच प्रकारचे असतात आणि डोसही भरपूर असतो. आपल्या पोटात जाणारे कण वेडेवाकडे आणि मिश्र असतात.

माणसात मायक्रोप्लास्टिकमुळे किडनी निकामी होते, हे अजून सिद्ध झालेलं नाही. सगळ्यात गंभीर इशारा आलाय तो रक्तवाहिन्यांबाबत. २०२४ च्या एका इटालियन अभ्यासात मानेच्या धमनीत प्लास्टिक सापडलेल्या रुग्णांना हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट दिसला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तरी किडनी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळंच, त्यामुळे डॉक्टरांचं याकडे लक्ष आहे.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी: बाटलीच्या भीतीने पाणी कमी पिऊ नका. पाणी कमी पडलं तर किडनीला होणारा त्रास पक्का आहे, प्लास्टिकचा अजून अंदाजातला आहे. घरचं स्वच्छ पाणी स्टीलच्या बाटलीत भरून नेणं सोपं. कोलंबिया विद्यापीठाने २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी २.४ लाख कण मोजले, त्यातले ९० टक्के नॅनो. बोअरचं जड पाणी असेल तर पाच मिनिटं उकळा, थंड करून गाळा. भांड्याला बसणाऱ्या पांढऱ्या क्षारात बरेच कण अडकतात, असं चीनमधल्या एका अभ्यासात दिसलं.

दुसरं, गरम पदार्थ आणि प्लास्टिक एकत्र नको. आयआयटी खरगपूरच्या प्रयोगात कागदी कपात १०० मिली गरम पाणी १५ मिनिटं ठेवल्यावर त्यात सुमारे २५,००० कण उतरले, कारण कप कागदी असला तरी आतून प्लास्टिकचा थर असतो. टपरीवर काचेचा ग्लास मिळत असेल तर तोच मागा. डबा मायक्रोवेव्हमध्ये टाकण्याआधी भाजी चिनी मातीच्या वाटीत काढा.

"मायक्रोप्लास्टिक डिटॉक्स" नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि ज्यूसवर मात्र पैसे घालवू नका. शरीरातलं प्लास्टिक काढणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. तेच पैसे क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनच्या टेस्टला वापरा, विशेषतः घरात कुणाला शुगर किंवा बीपी असेल तर. किडनी खराब होण्याची सगळ्यात मोठी कारणं आजही हीच दोन आहेत, आणि डोकं दुखलं की मनाने घेतलेल्या पेनकिलर गोळ्याही त्यात भर घालतात.