भोंग्याआधीचा क्रम

अंबरनाथ-उल्हासनगरच्या कित्येक कारखान्यांत भोंग्याआधी बॉयलर पेटवणारा येई. वाफ धरल्यावाचून यंत्रे हलत नसत. कामाचा क्रम कोणी ठरवावा, याच भांडणात आमचे आयुष्य गेले. म्हणून संगणक जागा कसा होतो, हा इतिहास आम्हांस परका वाटला नाही.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. त्या परंपरेत प्रणालीचा गाभा स्मृतीत चढला की 'इनिट' ही क्रमांक १ ची प्रक्रिया सुरू होते; बाकीच्या तिच्याच लेकी-नाती. कोणते काम आधी, कोणते मागून, हे साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असे. १९८३ च्या 'सिस्टिम फाइव्ह'मध्ये पातळ्याही होत्या : दुरुस्तीची निराळी, सर्वांच्या कामाची निराळी.

याच धर्तीवर १९९१ मध्ये लिनक्स जन्मले, आणि २०१० मध्ये त्यासाठी 'सिस्टिमडी' आले. कोणास कोणाची गरज आहे ते पाहून ते अनेक कामे एकदम सुरू करते. वेग वाढला, पण एकाच हाती फार सत्ता जाते, अशी तक्रार उठली. स्वयंसेवकांच्या डेबियन संघटनेत, फेब्रुवारी २०१४ मध्ये, तांत्रिक समितीची मते ४-४ अशी पडली. अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी ठरले.

निर्णय कोणास पटो वा न पटो, वाद उघड झाला, मते मोजली गेली. आमच्या कारखान्यांत कामाचा क्रम असा कितीदा ठरला?