अमरापूरकर, सदाशिव
(११ मे १९५०–३ नोव्हेंबर २०१४). मराठी रंगभूमीवरील नट व दिग्दर्शक आणि मराठी व हिंदी चित्रपटांतील चरित्र-अभिनेते. मूळ नाव गणेश. ‘सदाशिव’ हे रंगभूमीवर स्वीकारलेले नाव. स्नेहीमंडळींत ते ‘तात्या’ या नावाने ओळखले जात. जन्म अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे. त्यांचे घराणे त्याच जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्यातील अमरापूरचे. आडनावही त्या गावावरूनच आले. शालेय व महाविद्यालयीन जीवनापासूनच त्यांना नाटकाची ओढ होती. पुणे विद्यापीठातून इतिहास हा विषय घेऊन ते एम्.ए. झाले. त्यांच्या पत्नीचे नाव सुनंदा; त्यांना तीन मुली.

त्यांची जडणघडण ज्या जिल्ह्यात झाली, तो एकाच वेळी समृद्ध आणि अवर्षणग्रस्त आहे. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांमुळे कोल्हार-लोणीचा पट्टा उसाखाली आला. अमरापूरकरांच्या जन्मवर्षातच लोणी येथील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. शेवगाव, पाथर्डी, जामखेड, कर्जत हा भाग मात्र पर्जन्यछायेत येतो व तेथील शेती बव्हंशी कोरडवाहू राहिली. कोल्हारच्या भगवतीदेवीच्या यात्रेसारख्या गावोगावच्या यात्रा, त्यांतील तमाशांचे फड आणि नगर शहरातील हौशी नाट्यसंस्था यांनी या जिल्ह्यात करमणुकीची व नाट्याची एक जिवंत परंपरा जोपासली होती. श्रीकृष्णाच्या भूमिकांमुळे ख्यातनाम झालेले व व्ही. शांतारामांच्या माणूस (१९३९) या चित्रपटात पोलीस शिपायाची भूमिका करणारे शाहू मोडक (१९१८–९३) हे नगरचेच. नाटककार व नट मधुकर तोरडमल यांनी अहमदनगर महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन केले होते. अशा वातावरणात एकांकिका व स्पर्धानाट्ये यांतून अमरापूरकरांची अभिनयकला आकारास आली.

चित्रपटातील त्यांचे पदार्पण इतिहासाशी निगडित होते. नचिकेत व जयू पटवर्धन यांनी चापेकर बंधूंवर काढलेल्या २२ जून १८९७ (१९७९) या मराठी चित्रपटात त्यांनी लोकमान्य टिळकांची भूमिका केली. पुण्यातील प्लेगच्या काळातील अत्याचारांमुळे चिडलेल्या तरुणांनी रँडवर गोळ्या झाडल्या, त्या घटनेचा हा संयत चित्रपट होता. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचे राष्ट्रीय पारितोषिक त्यास लाभले. ही भूमिका लहान असली, तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याला साजेशी होती.

व्यावसायिक रंगभूमीवर हँड्स अप ! (१९८१-८२) या नाटकाने त्यांना नाव मिळवून दिले. भक्ती बर्वे व अविनाश मसुरेकर हे त्यांचे सहकलाकार होते. याच नाटकातील त्यांचे काम पाहून दिग्दर्शक गोविंद निहलानी यांनी त्यांची आपल्या चित्रपटासाठी निवड केली. दिग्दर्शक म्हणून त्यांचे महत्त्वाचे कार्य म्हणजे विजय तेंडुलकर यांचे कन्यादान (१९८३) हे नाटक. समाजवादी आमदाराची कन्या एका दलित कवीशी विवाह करते. पुढे त्या संसारात हिंसा शिरते आणि पित्याचा ध्येयवाद कसोटीला लागतो, असे त्याचे कथानक आहे. या नाटकाने मोठा वाद ओढवून घेतला. पुढे याच कृतीसाठी तेंडुलकरांना १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. स्फोटक विषयाची संहिता रंगमंचावर आणण्याची जोखीम अमरापूरकरांनी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी पत्करली होती.

अर्धसत्य (१९८३) हा चित्रपट त्यांच्या कारकीर्दीतील निर्णायक टप्पा ठरला. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर तो आधारलेला असून पटकथा तेंडुलकरांची होती. दिलीप चित्रे यांच्या कवितेलाही त्यात मध्यवर्ती स्थान होते. प्रामाणिक पोलीस अधिकारी अनंत वेलणकर (ओम पुरी) आणि गुन्हेगारीतून राजकारणात शिरणारा रामा शेट्टी यांच्यातील हा संघर्ष. रामा शेट्टीची भूमिका अमरापूरकरांनी केली. तोपर्यंतचा हिंदी चित्रपटातील खलनायक बहुधा भडक वेष, गडगडाटी संवाद व आलिशान अड्डे यांच्या आधारे उभा केला जाई. रामा शेट्टी हळू बोलतो, हसतमुखाने स्वागत करतो, निवडणूक लढवितो आणि अधिकाऱ्याने पकडावयास यावे, तर केवळ एका दूरध्वनीने त्याला परतावयास लावतो. त्याची सत्ता त्याच्या आवाजात नसून त्याच्या निश्चिंतपणात आहे, हे अमरापूरकरांनी नेमके ओळखले. कोठडीत एका संशयिताच्या मृत्यूस कारणीभूत ठरलेला वेलणकर अखेरीस त्याच्याच दारी साहाय्य मागावयास येतो. त्या वेळचे रामा शेट्टीचे सहज, सलगीचे बोलणे प्रेक्षकाला अधिक अस्वस्थ करते. राजकारण व गुन्हेगारी यांचे लागेबांधे ज्या काळात मुंबईत उघडपणे दिसू लागले होते, त्या काळाचा हा प्रातिनिधिक चेहरा ठरला. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले (१९८४).

या यशाने त्यांना हिंदी चित्रपटसृष्टीत स्थान मिळाले, तसेच एका साच्यातही अडकविले. तेरी मेहरबानियाँ (१९८५), आखरी रास्ता (१९८६), हुकूमत (१९८७), ऐलान-ए-जंग (१९८९) इ. चित्रपटांत त्यांच्या वाट्याला मुख्यतः दुष्ट पात्रे आली. महेश भट्ट यांच्या सडक (१९९१) मध्ये कुंटणखाना चालविणाऱ्या ‘महाराणी’ या तृतीयपंथी पात्राची भूमिका त्यांनी विलक्षण तडफेने केली. खलभूमिकेसाठी फिल्मफेअरने नव्याने सुरू केलेल्या पारितोषिकाचे ते पहिले मानकरी ठरले (१९९२). मात्र तृतीयपंथी व्यक्तीला क्रौर्याचे प्रतीक म्हणून दाखविण्याची या चित्रपटाची दृष्टी आज सदोष वाटते. अभिनयाची ताकद आणि पात्राची रचना यांचा विचार येथे निरनिराळा करावा लागतो. आँखें (१९९३), कुली नं. १ (१९९५) व इश्क (१९९७) यांमधून त्यांचे विनोदी अंगही दिसून आले.

रंगभूमीवर घडलेल्या नटाला लोकप्रिय चित्रपटाने खलनायक म्हणून वापरावे, ही गोष्ट इतरत्रही आढळते. इटालियन नट जान मारिया व्होलोन्ते (१९३३–९४) हा नाट्यशिक्षण घेऊन रंगभूमीवर आला. परंतु जगभर परिचित झाला तो सेर्जिओ लेओनेच्या चित्रपटांतील दरोडेखोर म्हणून. पुढे एलिओ पेत्रीच्या १९७० मधील चित्रपटात कायद्याच्या वर असल्याचे मानणारा खुनी पोलीस अधिकारी रंगवून त्याने राजकीय चित्रपटात आपले स्थान निर्माण केले. अमरापूरकरांचा क्रम याच्या उलट होता : राजकीय आशयाच्या चित्रपटाने ते प्रकाशात आले आणि नंतर रूढ खलभूमिकांकडे वळले. मराठी चित्रपटांत मात्र त्यांना वेगळा अवकाश लाभला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या दोघी (१९९५) व वास्तुपुरुष (२००२) या चित्रपटांतील त्यांच्या भूमिका संयत आहेत.

पडद्यावर दुर्जन रंगविणारा हा नट प्रत्यक्षात सामाजिक चळवळींचा पाठीराखा होता. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देण्यासाठी उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीच्या कार्यात श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासमवेत त्यांचा सहभाग होता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्याशीही ते संबंधित होते. मुंबईत स्थिरावल्यानंतरही नगरशी त्यांचा संबंध तुटला नाही. मार्च २०१४ मध्ये राज्याचे काही भाग टंचाईला व गारपिटीला तोंड देत असताना, मुंबईत होळीनिमित्त चाललेल्या पाण्याच्या उधळपट्टीस त्यांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्यांना मारहाण झाली. कोरडवाहू मुलखाशी नाते असलेल्या या माणसाला पाण्याची नासाडी मुकाट्याने पाहणे शक्य नव्हते.

भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या बॉम्बे टॉकीज (२०१३) या चित्रपटातील दिबाकर बॅनर्जी यांच्या भागात ते दिसले. सत्यजित रायांच्या कथेवर आधारलेल्या या भागात चित्रपटात क्षणभराचे काम मिळालेल्या एका अपयशी नटाला त्याचा दिवंगत गुरू भेटतो आणि कामाची लांबी न पाहता ते जीव ओतून करण्याची जाणीव देतो. हा गुरू अमरापूरकरांनी साकारला. फुप्फुसाच्या विकाराने मुंबई येथे त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार अहमदनगर येथे करण्यात आले.

त्यांच्या बहुसंख्य भूमिका पटकथेच्या गरजेपुरत्या होत्या. तथापि सत्ता सौजन्याच्या आवरणाखाली कशी वावरते, हे रामा शेट्टीच्या रूपाने त्यांनी दाखविले, आणि हिंदी चित्रपटातील खलभूमिकेला वास्तवाच्या जवळ आणले. मराठी रंगभूमीच्या शिस्तीतून आलेल्या नटाने भारतीय चित्रपटाला दिलेली ती महत्त्वाची देणगी होय.