धानातली जागल आणि कॅमेरा

धान लोंबीवर आले की आपल्या गोंदिया भागात जागल सुरू होते. बांधीच्या कडेला मचाण उभे राहते, रात्रभर रानडुकरांना हाकारे पडतात. हे तुम्हांला मी सांगावे असे नाही. पण त्याच बांधीत त्याआधी, भर पावसाळ्यात, दुसरी एक जागल होऊन गेलेली असते. ती सारसाची.

या जागलीची जुनी नोंद सापडते ती जहांगीर बादशहाच्या आठवणींत. त्याने पाळलेल्या सारसांच्या जोडीला लैला आणि मजनू अशी नावे दिली होती. १६१८ च्या सुमारास मादीने अंडी घातली, तेव्हा बादशहाने सारे बारकाईने पाहून लिहिले. मादी रात्रभर अंड्यांवर बसे आणि नर शेजारी उभा राहून पहारा करी. उजाडल्यावर त्याने चोचीने तिची पाठ खाजविली की ती उठे आणि तो बसे. चौतीस दिवस हे चालले. एवढे मोठे राज्य हाकणारा माणूस पाखरांचे पहारे मोजीत बसला, याचे मला फार कौतुक वाटते.

पुढे कॅमेरा आपल्या देशातल्या रानात शिरला तो शिकाऱ्याच्या मागोमाग. जुनी चित्रे पाहा. मेलेला वाघ, त्याच्याशेजारी बंदूक घेतलेला साहेब, आणि मागे हाकारे करणारी माणसे. त्यांची नावे बहुधा कोणी लिहून ठेवलेली नसतात. मचाण तेथेही होतेच, पण ते राखणीचे नव्हे. संयुक्त प्रांतातला वनअधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन याने बंदुकीऐवजी कॅमेरा हाती धरला. तो जनावरांच्या वाटेवर तार ताणून ठेवी. वाघाचा पाय तारेला लागला की लख्ख उजेड पडे आणि वाघाच्याच पायाने वाघाचे चित्र निघे. त्याचे पुस्तक १९२७ साली निघाले. आज नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांची जात तीच. पट्ट्यांवरून वाघ ओळखतात. म्हणजे त्या पेटीने जागल्याचेच काम पत्करले म्हणायचे.

सारसाचे तसे नाही. त्याचे घरटे उघड्यावर, पाणी भरलेल्या बांधीत किंवा बोडीत, गवतकाडीचा ढीग करून केलेले. अंडी बहुधा दोन. पक्षी माणसाएवढा उंच, म्हणून लांबूनही दिसतो. महाराष्ट्रात त्याचा मुख्य आधार आता गोंदियाच, आणि येथेही संख्या पन्नासाच्या आत. पूर्वी अंडी चोरीला जात. घरट्यापायी शेतकऱ्याचे थोडे धान तुडविले जाते, तेही खरेच. तरी सेवा संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर आज शेतकरीच घरटी राखतात. उन्हाळा सरता सरता पहाटे तळ्याकाठी बसून गणती होते, तिच्यातही ते असतात.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला आहे, आणि धोका तेथेच आहे. पहारा करणाऱ्या पक्ष्याचे चित्र हवे म्हणून माणूस चार पावले पुढे जातो. नर ओरडतो, मादी उठते, दोघेही दूर सरतात. तेवढ्यात कावळा अंडी फोडतो. चित्र मिळते, पण ते पहारा मोडल्याचे.

मीही एकदा असाच धुऱ्यावरून पुढे निघालो होतो. बांधीच्या मालकाने हाताने अडवले. “मास्तर, इथूनच काढा जी फोटो. पुढं गेले तर थे उठून जाते.”

मी थांबलो. मग काढलेले चित्र माझ्याजवळ आहे. सारे हिरवे धान, आणि त्यातून वर आलेली एक तांबडी मान, नखाएवढी. बसलेली मादी दिसतच नाही. कडेला धुऱ्यावर मालकाची अर्धी पाठ आली आहे. त्याचे तोंड घरट्याकडे आहे. वर्गात ते दाखविले की मुले आधी विचारतात, “सर, यात पक्षी कुठाय?”