शृंगारलेली वाहने : बंडीपासून मोटारीपर्यंत

वाहन हे माणसाला आणि मालाला एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याचे साधन होय. ते धड चालावे, वेळेवर पोचावे आणि वाटेत मोडू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असावी. पण माणूस एवढ्यावर थांबलेला दिसत नाही. तो वाहनाला रंग लावतो, फुले बांधतो, त्यावर चित्रे काढतो, अक्षरे लिहितो. या खटाटोपाने गाडी वेगाने धावत नाही की तिला दाणापाणी कमी लागत नाही. मग ही हौस कशासाठी? आणि आमच्या नागपुरात तिने कोणते रूप घेतले? या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

पश्चिमेकडे या हौसेला गेल्या अर्धशतकात एका चळवळीचे रूप आले. १९६७ साली जॉन लेनन या गायकाने आपली रोल्स-रॉईस पिवळ्या रंगाने व वेलबुट्टीने रंगवून घेतली. १९७५ साली अलेक्झांडर काल्डर या अमेरिकन शिल्पकाराने रंगवलेली बीएमडब्ल्यू मोटार फ्रान्समधील ल मां येथील शर्यतीत धावली. १९८८ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात तर अशा नटवलेल्या मोटारींची मिरवणूकच सुरू झाली. तेथे कोणी मोटारीवर खेळणी चिकटवून आणतो, कोणी तिला फळाचा आकार देतो. रस्त्यावरच्या हजार गाड्यांत आपली गाडी आपली म्हणून ओळखू यावी, ही त्यामागची इच्छा.

पण या प्रकारातला एक फार जुना नमुना आपल्याच देशात घडला होता. सुमारे १९१० साली कलकत्त्यात राहणाऱ्या मॅथ्यूसन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने विलायतेहून हंसाच्या आकाराची मोटार बनवून आणली. तिच्या पुढच्या भागी हंसाची उंच मान होती, रात्री डोळे पेटत आणि चोचीतून गरम फवारा उडे. ही मोटार रस्त्यावर येताच एवढी गर्दी आणि धांदल उडाली की, पोलिसांना ती बाहेर काढण्यास मनाई करावी लागली. पुढे ती नाभा संस्थानच्या महाराजांनी विकत घेतली. हा हंस आज हॉलंडातील एका संग्रहालयात आहे. गाडी मालकाची, हौस मालकाची आणि लोकांनी फक्त डोळे विस्फारून पाहायचे, असा तो प्रकार होता.

आमच्याकडची कथा याच्या अगदी उलट्या टोकाकडून सुरू होते. विदर्भात शृंगार प्रथम झाला तो ओझे ओढणाऱ्या बैलाचा. आमच्या भाषेनेच याची सोय करून ठेवली आहे. महादेवाचा नंदी हेही वाहन आणि रस्त्यावरची मोटार हेही वाहन. ज्याच्यावर आपण बसतो त्याला नमस्कार करायचा, हे त्या एका शब्दातच आले.

पोळ्याचा सण सर्वांच्या परिचयाचा आहे. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागतो, बेगड चढते, गळ्यात घुंगुरमाळा आणि पाठीवर झूल येते. कपाळी बाशिंग बांधून आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात आणि तोरण तुटले की पोळा फुटतो. पण आदल्या संध्याकाळचा एक लहानसा विधी आम्हाला या सगळ्या थाटापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या संध्याकाळी शेतकरी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळतो. जेथे वर्षभर जू घासले, जेथले केस गेले आणि कातडे जाड झाले, नेमका तेथे त्याचा हात जातो. आमच्याकडचा शृंगार शिंगापासून सुरू होत नाही. तो खांद्यापासून सुरू होतो. आधी ऋणाची कबुली, मग झूल.

हा भाव केवळ शेतकऱ्याचाच होता असे नव्हे. आगगाडी नागपुरात आली १८६७ साली. त्यापूर्वी या मुलखाचा कापूस मिर्झापूरच्या बाजारापर्यंत बैलांच्या पाठीवरून जाई आणि हे काम लमाणांचे तांडे करीत. रसेल या अधिकाऱ्याने मध्यप्रांतातील जातिजमातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लमाणांच्या एका खास बैलाचे वर्णन आले आहे. हा बैल देवाला वाहिलेला असे. त्याच्यावर कधीही ओझे घालीत नसत. तांबड्या रेशमाच्या झिरमिळ्या, पितळी साखळ्या, घंटा आणि कवड्यांच्या माळा घालून तो तांड्यापुढे चाले. शेकडो बैल ओझ्याखाली आणि एक बैल केवळ शृंगारासाठी. त्या एकाच्या रूपाने बाकीच्या शेकडोंचा मान राखला जाई, असेच आम्हाला वाटते.

राजवाड्यातही वाहनांचा थाट होताच. भोसल्यांच्या पदरी हत्ती होते, घोडे होते, अंबाऱ्या होत्या. याच घराण्याशी नागपुरातील एका आगळ्या सणाचे नाते सांगितले जाते. पोळा हा बैलवाल्यांचा सण. मुलांनी काय करायचे? दुसरे रघूजी भोसले यांनी १८०६ साली मुलांसाठी लाकडी बैलांचा पोळा सुरू केला, अशी परंपरा आहे. तोच आमचा तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुले चाकांवर बसवलेले लाकडी नंदी सजवून दोरीने ओढीत घरोघर जातात आणि बोजारा मागतात. कोणी पैसे देतो, कोणी खाऊ देतो. आम्हीही त्या वयात एका हातात नंदीची दोरी आणि दुसऱ्या हातात बोजाऱ्याची नाणी घट्ट धरून गल्ल्या पालथ्या घातल्या आहेत. एक चाक निखळले म्हणून रस्त्यात बसून रडलोही आहोत. आपले वाहन आपण सजवावे आणि ते चारचौघांपुढे न्यावे, हा धडा नागपूरच्या मुलाला शाळेत जाण्याआधीच मिळतो. वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वे या गावाने तर या खेळाचा मोठा उत्सवच केला. तेथे मोठमोठे नंदी आणि त्यांच्यासोबतचे देखावे पाहण्यास आसपासची गावे लोटतात.

राजवाड्यातला थाट मात्र टिकला नाही. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निवर्तले, त्यांना औरस पुत्र नव्हता, आणि १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. मग राजवाड्यातले हत्ती, उंट, घोडे आणि बैल सीताबर्डीस विक्रीला निघाले. जडजवाहीर कलकत्त्याला गेले. ज्यांच्या पाठीवर अंबाऱ्या झुलल्या त्यांचा मातीमोल भावाने लिलाव व्हावा, हा अपमान शहराने उघड्या डोळ्यांनी पाहिला. मिरवणाऱ्या वाहनाचा राजेशाही धनी त्या दिवशी गेला.

आणि इतिहासातली खरी गंमत येथे आहे. धनी गेला, पण मिरवणूक गेली नाही. पाव शतक लोटले, आणि सुमारे १८८० ते १८८५ या काळात पूर्व नागपुरातील साध्या वस्त्यांतून मारबतींच्या मिरवणुका निघू लागल्या. आधी काळी आणि मागाहून तेली समाजाची पिवळी. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेल्या बाकाबाईवरचा लोकांचा राग, असे लोकपरंपरा सांगते. पिवळी ही रोगराईपासून राखणारी म्हणून पूजिली जाते. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी या दोघी इतवारीच्या रस्त्यांवर एकमेकींना भेटतात आणि गावाची इडापिडा बरोबर घेऊन शेवटी जळतात. त्यांच्यामागून बडगे येतात. महागाई, लाचलुचपत, नळाला न येणारे पाणी, देशोदेशीचे मस्तवाल पुढारी यांच्या त्या कागदी-बांबूच्या प्रतिमा. काही खांद्यांवर, काही हातगाड्यांवर, काही मोटारींवर.

तेव्हा एकाच दिवशी एकाच शहरात चाकांवरून दोन गोष्टी जातात. एका गल्लीतून मुलाचा नंदी जातो, ज्याच्याविषयी कृतज्ञता आहे. दुसऱ्या रस्त्याने बडग्या जातो, ज्याच्याविषयी संताप आहे. नटवलेली गाडी ही येथे श्रीमंताची चैन राहिलेली नाही. ज्यांना सभेत बोलता येत नाही, वर्तमानपत्रात लिहिता येत नाही, त्यांचे ते व्याख्यानपीठ झाले आहे.

या दोन्ही गोष्टी घडवणारे हात पुष्कळदा एकाच वस्तीतले असतात. नागपूरची चितार ओळ सर्वांना ठाऊक आहे. चिताऱ्यांची ही वस्ती भोसल्यांच्या काळापासूनची. गणपती, देवी, नंदी, मारबती यांना रंग चढतो तो अशाच घरांच्या ओसरीवर. डोळे शेवटी काढायचे, ही मूर्तिकाराची जुनी रीत. डोळे उघडले की लाकडाचा नंदी होतो आणि मातीचा देव होतो.

पुढे मोटार आली, मालमोटार आली, आणि हे डोळे तिलाही मिळाले. १९५४ साली जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात जर्मन कंपनीच्या सहकार्याने मालमोटारी तयार होऊ लागल्या. पण कारखान्यातून पुष्कळदा नुसता सांगाडा आणि इंजिन बाहेर पडे. त्यावर लाकडाची केबिन आणि हौदा चढवण्याचे काम गावोगावचे सुतार, लोहार आणि शेवटी पेंटर करीत. म्हणजे प्रत्येक गाडी अर्धी कारखान्याची आणि अर्धी गावाची असे. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे देशाचे दोन मोठे रस्ते नागपुरात मिळतात. पूर्वी त्यांचे क्रमांक ७ आणि ६ होते, आता ४४ आणि ५३ आहेत. त्यामुळे पंजाबचा गरुड, दक्षिणेकडचे लिंबू-मिरचीचे तोरण, बंगालचे कमळ आणि आमची गाय-वासराची जोडी ही सारी वाडीच्या नाक्यावर एका रांगेत उभी असलेली दिसत.

या चित्रांकडे जरा निरखून पाहावे. गाडीच्या कपाळी देवाचे किंवा मालकाच्या मुलांचे नाव असते. दोन्ही बाजूंना डोळे असतात. बंपरला काळी वेणी किंवा जुनी चप्पल लोंबते, ती दृष्ट लागू नये म्हणून. मागच्या फाळक्यावर मागून येणाऱ्यास चार शब्द असतात, कधी उपदेशाचे, कधी थट्टेचे, कधी घरी वाट पाहणाऱ्या माणसांच्या आठवणीचे. बाशिंग, झूल, घुंगुरमाळ आणि काजळाचा तीट यांहून हे निराळे काय आहे? पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर राहणारा ड्रायव्हर ज्या यंत्राच्या भरवशावर जिवंत घरी येतो, त्याच्या कपाळी तो कुंकू लावतो. बैल गेला आणि इंजिन आले तरी खांद्याला हळद लावणारा हात तोच राहिला. दसऱ्याला झेंडूच्या माळा घातलेली रिक्षा किंवा मालमोटार पाहिली की, याची खूण पटते.

दसऱ्याचे नाव निघाले म्हणून आणखी एका देखाव्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीकडे येणाऱ्या गाड्यांवर निळे आणि पंचशील ध्वज फडकतात आणि पुढे बाबासाहेबांची तसबीर असते. ज्यांच्या आजोबांना कित्येक गावांत बैलगाडीवर बसून गावातून जाण्याची चोरी होती, त्यांची नातवंडे सजवलेल्या गाडीत उभी राहून शहरात प्रवेश करतात. वाहनाच्या शृंगाराला याहून मोठा अर्थ आम्हाला दुसरीकडे सापडलेला नाही.

आता हे सारे उतरणीला लागले आहे. मालमोटारींच्या केबिनी कारखान्यातूनच तयार येऊ लागल्या. पेंटरच्या कुंचल्याची जागा छापील चिकटपट्टीने घेतली. ती एका तासात लागते आणि हजार गाड्यांवर एकसारखी दिसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने घातली. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने मालगाड्यांच्या पाठीवरची ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे बंद करण्याचा आदेश काढला, कारण ती विनाकारण भोंगा वाजवण्यास उत्तेजन देतात. भोंग्यांच्या कलकलाटाने आमचेही कान किटले आहेत, आणि रस्त्यावरच्या जिवाची सुरक्षितता कोणत्याही नक्षीहून मोठी आहे. तेव्हा कायद्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आमची तक्रार कायद्याकडे नाही, आमच्याकडेच आहे. आमच्या दारातल्या मोटारी आता पांढऱ्या आणि करड्या झाल्या. त्यांना ओरखडा पडला तर आमचा जीव वरखाली होतो, पण त्यांच्यावर आमच्या मनातले एक अक्षरही नसते. गाडी आमची न राहता पुढेमागे विकावयाची वस्तू झाली आहे. विकावयाच्या वस्तूवर कोणी मुलाचे नाव लिहीत नाही. ज्या पेंटरने आयुष्यभर फाळक्यांवर गाय-वासरू काढले, तो आज दुकानांच्या पाट्याही छापील झाल्यामुळे रिकामा बसलेला आढळतो. त्याच्याबरोबर एक धंदा जातोच, पण वाहनाशी बोलण्याची एक रीतही जाते.

तान्हा पोळा मात्र अजून निघतो. येत्या भाद्रपदात एखादे मूल नंदी ओढीत आपल्या दाराशी येईल. त्याच्या हातावर बोजारा ठेवण्यापूर्वी नंदी जरा हातात घेऊन पाहावा. डोळे कोणी काढले, झूल कोणी शिवली, हे त्या मुलास विचारावे. त्याने आईची जुनी साडी फाडून झूल केली असेल, तर बोजारा दुप्पट द्यावा.