एका ओळीची झाडलोट

सप्टेंबर 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या 21 वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची 0.01 ही पहिली आवृत्ती बाहेर काढली. तिच्यात एफएस.एच नावाची एक फाइल होती. एफएस म्हणजे फाइल सिस्टिम, एच म्हणजे हेडर. हेडरमध्ये प्रत्यक्ष काम फारसं नसतं, करारनामा असतो: अमुक नावाचं फंक्शन आहे, त्याला हे द्यायचं, ते हे परत देतं. त्या एफएस.एचमध्ये एका प्रोसेसला एका वेळी फक्त 20 फायली उघडायची मुभा होती, सगळ्या यंत्राला मिळून 64. फाइलचं नाव फार तर 14 अक्षरांचं, कारण डिस्कवरची मांडणी मिनिक्स या आधीच्या प्रणालीकडून उसनी आणलेली. आणि तळाकडे ही ओळ होती (रोमन अक्षरांतली, इथे आपल्या लिपीत उतरवतो):

एक्स्टर्न इंट बीमॅप(स्ट्रक्ट एम_आयनोड * आयनोड,इंट ब्लॉक);

फाइलचा अमुकावा तुकडा डिस्कवर कुठल्या ब्लॉकमध्ये पडलाय, ते बीमॅप सांगतं. काम चोख. पण हीच ओळ आज कुणी नवशिक्याने लिनक्सच्या तपासनीस स्क्रिप्टपुढे ठेवली, तर दोन चुका हमखास निघतील आणि कडक तपासणी लावली तर तिसरीही. स्टारच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे, स्वल्पविरामानंतर ती नाही, आणि सुरुवातीचा एक्स्टर्न फुकटचा आहे. घराच्या मूळ पुरुषालाच घराचे नियम ठाऊक नव्हते, कारण ते अजून जन्मले नव्हते.

स्वल्पविरामाचं सोडून द्या, ते शाळेतही शिकवतात. खरी मजा स्टारची आहे.

सी भाषेत स्टार म्हणजे पॉइंटर, वस्तू नव्हे तर वस्तूचा पत्ता. तो स्टार प्रकाराच्या नावाला चिकटवायचा, पुढच्या नावाला चिकटवायचा, की दोघांच्या मध्ये तटस्थ उभा करायचा? कंपायलरला तिन्ही सारखेच. पण डेनिस रिचीने भाषा घडवताना ठरवलं होतं की, एखादं नाव जाहीर करायची पद्धत ते वापरायच्या पद्धतीसारखीच दिसावी. वापरताना स्टार नावाला लागतो, म्हणून जाहीर करतानाही तो नावाचाच. 'कॅर* ए, बी' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं दोन्ही पॉइंटर आहेत. प्रत्यक्षात पॉइंटर एकटा 'ए'. 'बी' नुसतं एक अक्षर. एका जागेच्या फरकाने डोळा फसतो आणि कंपायलर बिचारा गप्प राहतो. कर्निहन आणि रिची यांचं सीचं पुस्तक 1978 मध्ये आलं, तेव्हापासून युनिक्सवाल्यांच्या घरात स्टार नावाच्या पदराला बांधलेला आहे. टोरवाल्ड्सचा 1991 चा स्टार मधल्यामध्ये लोंबकळत होता, एवढंच.

पुढे नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यानेच लिनक्सच्या लेखनशैलीचा दस्तऐवज लिहिला. सरकारी परिपत्रकाचा वास त्याला अजिबात नाही. सुरुवातीलाच सल्ला आहे की ग्नू प्रकल्पाचे शैलीचे नियम छापून घ्या, वाचू नका, जाळा. मग टॅब: एक टॅब म्हणजे 8 अक्षरांची जागा. ज्यांना 4 किंवा 2 हवी, ते जणू पायची किंमत 3 ठरवायला निघालेत. कारण मात्र अगदी व्यवहारी दिलंय. सलग 20 तास स्क्रीनकडे बघितल्यावरही कुठला तुकडा कुठे सुरू होतो ते दिसलं पाहिजे. आणि 8 च्या टॅबमुळे तुमचा कोड उजव्या काठावर जाऊन आदळत असेल, तर दोष टॅबचा नाही, तुम्ही तीनपेक्षा जास्त पातळ्या आत शिरलात त्याचा आहे. हा युक्तिवाद मला पहिल्यांदा उद्धट वाटला होता. आता पटतो.

तो उजवा काठही वारशाने आलेला. ओळ 80 अक्षरांची असावी हे कुठल्या संगणकशास्त्रज्ञाने ठरवलं नाही. आयबीएमने 1928 मध्ये काढलेल्या छिद्रांच्या कार्डावर 80 रकाने होते. कार्डं गेली. 1978 मध्ये आलेल्या व्हीटी100 टर्मिनलच्या पडद्यावरही ओळ 80 चीच होती, आणि तिथून ती लिनक्समध्ये उतरली. मे 2020 मध्ये टोरवाल्ड्सनेच आता हे पुरे म्हटल्यावर तपासनीस स्क्रिप्टची मर्यादा 100 वर गेली. दस्तऐवजात मात्र 80 लाच पसंती अजून कायम आहे.

ही स्क्रिप्ट म्हणजे चेकपॅच. पर्लमध्ये लिहिलेली, 2007 मध्ये लिनक्सच्या मूळ झाडात दाखल झालेली. तोवर शैलीच्या चुका दाखवायचं काम जाणत्यांच्या डोळ्यांचं होतं. आता ते यंत्राकडे गेलं. लगेच एक नवी जात निपजली: नुसत्या झाडलोटीचे पॅच, म्हणजे कोडमध्ये करायला पाठवलेले बदल. कोडमध्ये शिरकाव करायचा सोपा दरवाजा तोच. स्टेजिंग नावाच्या ओसरीवर कच्चे ड्रायव्हर ठेवलेले असतात, तिथे नवख्यांनी हात साफ करावा अशी रीतच पडली. माझा पहिला पॅचही असाच, सहा ओळींतल्या शेपटाकडच्या रिकाम्या जागा काढणारा. तो उलट टपाली परत आला, कारण माझ्या ईमेलच्या प्रोग्रॅमने जाता जाता सगळे टॅब स्पेसमध्ये बदलून टाकले होते. रिकाम्या जागा साफ करायला निघालेला पॅच रिकाम्या जागांमुळेच लागू होईना. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "झाडू घेऊन गेलास आणि धूळ घेऊन आलास."

ओसरीवर हे खपतं, देवघरात नाही. एफएस.एच हे देवघर. दोनशे ओळींची फाइल वाढत वाढत तीन हजारांवर गेली आणि हजारो फायली तिला थेट किंवा आडवळणाने आत ओढून घेतात. तिच्यात एक स्पेस हलवली तरी त्या सगळ्या फायली पुन्हा कंपाइल होतात. तेवढ्यात चहा होतो, कधी जेवणही. लिनक्सवर काम करणाऱ्या इन्गो मोलनारने जानेवारी 2022 मध्ये हेडरांचा हा गुंता सोडवायला 2,200 हून अधिक पॅचची एक माळ पुढे ठेवली होती, यावरून गुंत्याचा अंदाज यावा.

वेळेपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ब्लेम नावाचा एक आदेश आहे. कुठल्याही ओळीवर तो लावला की ती शेवटी कुणी, कधी आणि कुठल्या बदलात लिहिली ते कळतं. रात्री अडीचला डिस्कवरचा डेटा का बिघडतोय ते शोधणाऱ्याला त्या ओळीमागचं कारण हवं असतं. मिळतं काय, तर 'स्पेस नीट केल्या'. सारवणाखाली पावलं बुजतात. खालून जायला वाट आहे, पण दर ओळीला एक पायरी वाढते. 2019 मध्ये गिटला असे बदल वगळायची सोय करावी लागली, ती याच त्रासापायी. शिवाय जुन्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त्या मागे न्यायच्या असतात. झाडलोटीने आजूबाजूची ओळ बदलली असेल तर दुरुस्तीचा पॅच तिथे बसत नाही. म्हणून जाणते लोक अशा फायलीतल्या निव्वळ झाडलोटीला नाक मुरडतात. खऱ्या कामासाठी ओळ उघडलीत तर तीही नीटनेटकी करा, नाहीतर हात लावू नका. मला हाच शहाणपणा वाटतो. चेकपॅचबद्दलची सूचनाही तेच सांगते: स्क्रिप्ट वाटाड्या आहे, माणसाच्या विवेकाची जागा घेणारी नाही.

बीमॅपच्या बाबतीत असंच खरं काम 2020 मध्ये निघालं. जुनं फंक्शन डिस्कवरचा ब्लॉक क्रमांक परत द्यायचं; 0 आला तर फाइलमध्ये त्या जागी भोक आहे की काही चुकलंय, हे कळायला मार्ग नव्हता. आता ते परत देतं फक्त चूक झाली का याचा संकेत, आणि ब्लॉक क्रमांक पॉइंटरमधून पोचवतं. त्यासाठी ती ओळ नव्याने लिहिली गेली. तिच्यात स्टार आता दोन आहेत आणि दोन्ही आपापल्या नावाला घट्ट चिकटलेले. स्वल्पविरामानंतर जागा आहे.

आणि सुरुवातीला एक्स्टर्न आहे.