गेन्सबरोची डचेस : हॅटआडची निवडणूक

थॉमस गेन्सबरो याने १७८५ ते १७८७ या काळात रंगवलेले ‘जॉर्जियाना, डचेस ऑफ डेव्हनशायर’ हे तैलचित्र इंग्लंडमधील डार्बीशर परगण्यात, चॅट्सवर्थच्या वाड्यात आहे. पिसे खोवलेली प्रचंड काळी हॅट, तिच्याखाली पावडर लावलेले कुरळे केस आणि किंचित तिरकी, पाहणाऱ्याला जोखणारी नजर एवढ्या सामग्रीवर या चित्राची कीर्ती उभी आहे. तशा हॅटची इंग्लंडमध्ये फॅशनच पडली आणि ती पुढे ‘गेन्सबरो हॅट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मात्र या डचेसचे नाव त्याआधीच घरोघरी पोहोचले होते, ते एका निवडणुकीमुळे. आणि त्या निवडणुकीच्या मुळाशी हिंदुस्थानचा प्रश्न होता.

जॉर्जियाना स्पेन्सरचा जन्म १७५७ चा. १७७४ साली, वयाच्या सतराव्या वाढदिवशी, तिचा विवाह डेव्हनशायरच्या पाचव्या ड्यूकशी झाला. त्याच वर्षी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि पुढच्याच वर्षी मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावांची बाजू घेऊन मराठ्यांशी युद्ध आरंभले. वडगावची नामुष्की पदरी घेऊन, सात वर्षे पैसा ओतून, १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने ते कसेबसे मिटले. या युद्धाचे पडसाद लंडनमध्ये उमटणे अटळ होते. मे १७८२ मध्ये कॉमन्स सभागृहाने वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी या दोघांना माघारी बोलवावे, असा ठराव केला. कंपनीला वेसण घालायची, यावर बहुतेकांचे एकमत होते. वेसण कोणाच्या हाती असावी, हा वादाचा मुद्दा होता.

चार्ल्स जेम्स फॉक्स याने १७८३ च्या अखेरीस आणलेल्या विधेयकाचे उत्तर असे होते की, कंपनीचा कारभार पार्लमेंटने नेमलेल्या सात आयुक्तांकडे द्यावा. कॉमन्समध्ये ते मंजूर झाले. मग राजा तिसरा जॉर्ज याने आपली नाराजी उमरावांच्या कानी घातली, लॉर्ड्स सभागृहात विधेयक पडले, मंत्रिमंडळ बरखास्त झाले आणि धाकटा पिट सत्तेवर आला. १७८४ ची सार्वत्रिक निवडणूक झाली ती या पार्श्वभूमीवर.

वेस्टमिन्स्टर मतदारसंघात फॉक्स उभा होता. तेथील मतदान चाळीस दिवस चालले. स्त्रियांना मताधिकार मिळायला अजून शतकाहून अधिक काळ लोटायचा होता, तरीही जॉर्जियाना आणि तिची बहीण हॅरिएट गल्लीबोळांतून, खाटकांच्या आणि दुकानदारांच्या दारी मते मागत फिरल्या. एका खाटकाचे मत तिने चुंबन देऊन मिळवले, अशी वदंता उठली आणि व्यंगचित्रकारांना आयते खाद्य मिळाले. तिच्यावर निघालेली चित्रे इतकी ओंगळ होती की आजच्या समाजमाध्यमांवरील ट्रोलांनीही त्यांच्यापुढे हात टेकावेत. फॉक्स २३६ मतांनी तरला. मात्र देशभरात त्याच्या पक्षाचा धुव्वा उडाला. त्याच वर्षी पिटचा इंडिया अॅक्ट आला. हिंदुस्थानात मुलूख जिंकत सुटणे राष्ट्राच्या इभ्रतीला शोभत नाही, असे त्या कायद्यात लिहिले होते. १८०३ आणि १८१८ च्या मराठा युद्धांच्या वेळीही तो कायदा लागूच होता.

गेन्सबरोने हे चित्र हाती घेतले ते या धुरळ्यानंतर वर्षभरात. त्यात राजकारणाची एकही खूण नाही. बदनामी सोसलेल्या स्त्रीला चित्रकाराने ढगाळ आकाशासमोर, निर्धास्त उभी केली आहे. हे तिच्या बाजूचे निवेदन मानण्याचा मोह होतो आणि तो अगदीच निराधार नसावा.

पुढे हे चित्र चॅट्सवर्थमधून नाहीसे झाले. १८४१ च्या सुमारास एका वृद्ध शिक्षिकेच्या घरी ते सापडले. शेकोटीवरच्या भिंतीत बसावे म्हणून बाईंनी ते खालून कापले होते, म्हणूनच डचेसचे पाय आज दिसत नाहीत. पन्नास-साठ पौंडांना विकलेले तेच चित्र मे १८७६ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात अॅग्न्यू या दलालाने सुमारे दहा हजार गिनींना घेतले. लिलावात चित्राला एवढी किंमत तोवर मिळाली नव्हती. तीनच आठवड्यांत अॅडम वर्थ या नामांकित चोराने बाँड स्ट्रीटवरील दालनाच्या खिडकीतून शिरून ते चौकटीतून कापून नेले. तुरुंगातल्या भावाला सोडवण्यासाठी ते ओलीस ठेवायचा त्याचा बेत होता. भाऊ त्याआधीच सुटला, पण वर्थने चित्र काही सोडले नाही. १९०१ मध्ये शिकागोत, पिंकर्टन या गुप्तहेर संस्थेच्या मध्यस्थीने, ते अॅग्न्यूंना परत मिळाले आणि अमेरिकन बँकर जे. पी. मॉर्गन याने विकत घेतले. १९९४ मध्ये अकराव्या ड्यूकने सोदबीजच्या लिलावात सुमारे चार लाख डॉलर मोजून डचेसला घरी आणले.

विमानतळाला लागूनच असलेल्या देऱ्यातील मराठी प्रवाशाला ते पाहणे अवघड नाही. दुबईहून मँचेस्टरला थेट विमान आहे आणि तेथून चॅट्सवर्थला मोटारीने जाता येते. वाडा वर्षभर खुला नसल्याने तारखा आधी पाहाव्यात. वाट लंडनवरून असेल तर तेथील रॉयल एशियाटिक सोसायटीकडे याच काळातले दुसरे एक तैलचित्र आहे : १७९२ मध्ये जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात रंगवलेले सवाई माधवराव आणि त्यांच्याजवळ बसलेले नाना फडणवीस.